९ एमएम कार्बाइन घ्यायची तर: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांकडून पिस्तूल-कॅलिबर कार्बाइनबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही खांद्याला लावून चालवायची, साधारण सोळा इंच नळीची बंदूक. काडतूस मात्र पिस्तुलाचं, बहुतेक वेळा ९ एमएम. सुट्टीच्या दिवशी मनसोक्त नेमबाजी करावी आणि ती खिशालाही झेपावी असं वाटणाऱ्यांसाठी हा फार चांगला पर्याय आहे.

प्रश्न: माझ्याकडे ग्लॉक १९ पिस्तूल आहे. महिन्यातून दोनदा रेंजवर जातो. आता सहाशे-सातशे डॉलरपर्यंत एक कार्बाइन घ्यायची आहे. व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलं. कोणती घेऊ? (फ्रिस्को, टेक्सास)

बंदुकीआधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) बघा. घरात ग्लॉकची मॅगझिन आहेत, तर तीच घेणारी कार्बाइन घ्या. एक चांगलं मॅगझिन पंचवीस-तीस डॉलरला पडतं आणि रेंजवर चार-पाच तरी लागतात. वेगळ्या जातीची मॅगझिन घ्यावी लागली की तिथेच शंभर-दीडशे डॉलर जातात. शिवाय एकाच पिशवीत दोन प्रकारची मॅगझिन असली की घोळ होतोच.

आता खरा खर्च पाहू. दर वरखाली होत असतात, पण साधं एफएमजे (धातूच्या वेष्टनातल्या गोळीचं) ९ एमएम काडतूस पंचवीस सेंटच्या आसपास मिळतं आणि एआर-१५ रायफलचं .२२३ त्याच्या जवळपास दुप्पट. एका खेपेला दोनशे म्हणजे महिन्याला चारशे काडतुसं धरा. ९ एमएमचा हिशेब महिन्याला शंभर डॉलर, वर्षाला बाराशे. म्हणजे बंदुकीपेक्षा पहिल्या वर्षाची काडतुसंच महाग. म्हणून दुकानात पन्नास डॉलरच्या फरकावर घासाघीस करत बसू नका. जी बंदूक स्वस्तातलं ११५ ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) काडतूस कुरकुर न करता पचवते, ती घ्या.

तुमच्यासाठी माझी निवड रुगर पीसी कार्बाइन. तिच्यातला मॅगझिनचा खाचा बदलता येतो. रुगरच्या स्वतःच्या मॅगझिनसाठी एक आणि ग्लॉकसाठी एक. विकत घेताना ग्लॉकचा खाचा खोक्यात आहे ना, हे तेवढं बघून घ्या, कारण मॉडेल बरीच आहेत. बोल्ट (काडतुसामागचा सरकता लोखंडी भाग) मागे अडकवायचा, नळीखालची कळ दाबायची, पुढचा भाग पिळायचा, की बंदुकीचे दोन तुकडे होतात आणि साध्या पाठपिशवीत मावतात. वजन पावणेसात पौंडांच्या आसपास आहे. दिवसभर खांद्यावर वागवायची नसल्याने ते मला खटकत नाही. उलट नेम स्थिर राहतो.

केल-टेकची सब-२००० जेमतेम चार पौंडांची आणि मधोमध दुमडणारी. ती ग्लॉक मॅगझिनच्या आवृत्तीतही मिळते आणि स्वस्तही पडते. पण गाल टेकायला तिथे फक्त दस्त्याची (खांद्याला टेकणाऱ्या भागाची) नळी आहे. तिच्यातच बोल्ट मागे-पुढे धावतो आणि दर वेळी बार झाला की गालाला टोचल्यासारखं होतं. पन्नास काडतुसं मजेत जातात, दोनशेनंतर कंटाळा येतो. घ्यायचीच असेल तर नवी, तिसऱ्या पिढीची घ्या. तिचा पुढचा भाग फिरतो, त्यामुळे रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी नेमाची दुर्बीण) न काढता ती दुमडता येते.

स्मिथ अँड वेसनची २०२३ साली आलेली एफपीसी आडवी दुमडते आणि दस्त्यातच दोन मॅगझिन ठेवता येतात. पण ती एम अँड पी पिस्तुलाची मॅगझिन घेते. घरात ते पिस्तूल असतं तर मी तुम्हाला हीच सुचवली असती. हाय-पॉइंट ९९५ सर्वांत स्वस्त. ती चालते, कंपनी आयुष्यभराची हमीही देते. मात्र ट्रिगर जड आहे आणि मॅगझिन तिचीच लागतात. पैसे अगदीच मोजके असतील तर जरूर घ्या, कमीपणा काहीच नाही.

आणखी एक फायदा तुम्हाला लगेच जाणवेल. बऱ्याच इनडोअर रेंजवर रायफलचं काडतूस चालत नाही, ९ एमएमची कार्बाइन चालते. जाताना पितळी केसची, तांब्याच्या वेष्टनाची काडतुसं न्या. काही ठिकाणी गोळीला चुंबक लावून बघतात आणि चिकटली तर परत पाठवतात.

प्रश्न: माझं मनगट कमजोर आहे, पिस्तूल झेपत नाही. कार्बाइनला धक्का नगण्य असतो असं दुकानदार म्हणाला. मैत्रिणीची चालवून पाहिली तर खांद्याला चांगलाच बसला. माझं काही चुकतंय का? (कोलंबस, ओहायो)

तुमचं काही चुकत नाही, तुम्हाला जाणवलं ते बरोबरच आहे. स्वस्त कार्बाइन बहुतेक सगळ्या ‘ब्लोबॅक’ पद्धतीच्या असतात. एआर-१५ मध्ये बार होताना बोल्ट कुलूपबंद असतो. इथे त्याला कुलूप नसतं, तो फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने चेंबर (नळीतलं काडतुसाचं घर) बंद ठेवतो. म्हणून तो मुद्दाम जड केलेला असतो. एवढा लोखंडाचा गोळा मागे येऊन आदळतो, तो दणका तुमच्या खांद्याला कळतो. काडतूस लहान, तरी धक्का अपेक्षेपेक्षा जास्त, तो यामुळे.

यावर महागडे उपाय आहेत. सिग एमपीएक्स गॅसवर चालते, सीएमएमजीच्या काही बंदुकांत बोल्ट किंचित फिरून मग उघडतो, एमपी५ च्या घराण्यात रोलर असतात. सगळ्या मऊ चालतात. पण तुम्ही स्पर्धेत उतरणार नसाल तर एवढे पैसे घालू नका, त्या पैशांत काही वर्षांची काडतुसं येतील. रुगरच्या बोल्टमध्ये टंग्स्टनचं सरकतं वजन आहे, ते शेवटचा आपट बराच मवाळ करतं. शिवाय तिच्या दस्त्यातल्या चकत्या काढून लांबी कमी करता येते. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना दुकानातली बंदूक लांब पडते, मग त्या मागे झुकून उभ्या राहतात आणि धक्का दुप्पट वाटतो. आधी दस्ता मापाचा करून घ्या आणि थोडं पुढे झुकून उभ्या राहा. मनगटावर तर फारच थोडा ताण येईल.

प्रश्न: मी एच-१बी वर आहे, बायकोला ग्रीन कार्ड मिळालं आहे. तिच्या नावावर घेतली तर चालेल ना? (ऑस्टिन, टेक्सास)

हे उत्तर कृपया दोनदा वाचा. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. राज्य टेक्सास असो की दुसरं कुठलं. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत होऊ शकते आणि इमिग्रेशनची वाट लागते ती वेगळीच. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही ‘जवळ बाळगणं’ यातच येतं. मित्र म्हणतात, ‘अरे, कोण विचारतंय!’ अशा मित्रांचं ऐकू नका.

कायद्यात अपवाद आहेत. नेहमीच्या माणसाच्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो काढायला बहुधा हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. परवाना संपला की अपवादही संपला, त्यामुळे तारीख लक्षात ठेवायची.

तुमच्या पत्नी स्वतःसाठी कायदेशीर घेऊ शकतात. पण परवाना नसताना तुमच्या हाती तिजोरीची किल्ली असेल, तर ती बंदूक तुमच्याही ताब्यात आहे असं मानलं जाऊ शकतं. आणि खरी घ्यायची तुम्हाला, फॉर्मवर सही त्यांची, असं असेल तर तो आणखी एक गुन्हा झाला. दुकानात जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

प्रश्न: शंभर यार्डांवर ९ एमएम चालेल का? (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना)

चालेल, अपेक्षा बेताची ठेवा. लांब नळीमुळे ११५ ग्रेनच्या गोळीला पिस्तुलापेक्षा सेकंदाला शंभर ते दोनशे फूट जादा वेग मिळतो. पन्नास यार्डांवर झिरो केलीत (म्हणजे नेम तिथे बरोबर लावून घेतलात) तर शंभरावर गोळी चार ते सहा इंच खाली लागेल. लोखंडी पाटी असेल तर थोडं वर धरा, टण्ण आवाज ऐकू येतो आणि फार मजा येते. पाटी मात्र जवळ लावू नका. दहा यार्डांच्या आत तर कधीच नको, तुकडे उलटे येतात.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. बार नेहमीपेक्षा फुसका वाटला, तर तिथेच थांबा. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, नळीत गोळी अडकली नाही ना याची खात्री करून घ्या. सोळा इंचांच्या नळीत कमी दारूची गोळी अडकून राहायला भरपूर जागा असते आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुटते. म्हणूनच ओळखीच्याने घरी भरलेली काडतुसं स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत.

प्रश्न: कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल चालवली होती. आता बारा वर्षांच्या मुलाला शिकवायचंय. दोघांसाठी एकच ९ एमएम कार्बाइन घ्यावी का? (नेपरव्हिल, इलिनॉय)

नको. मुलासाठी .२२ च घ्या. काडतूस सात-आठ सेंटला पडतं, आवाज कमी, धक्का नाहीच. पहिली बंदूक एकेक काडतूस घालायची असावी, सॅव्हेज रास्कलसारखी. प्रत्येक बार झाल्यावर थांबावं लागतं आणि नेमबाजीची शिस्त त्या थांबण्यात अंगी लागते. पुढे रुगर १०/२२ आहेच, १९६४ पासून चालत आलेली. .२२ मध्ये कधी कधी बार होत नाही. तेव्हा तोंड लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, हे त्याला पहिल्या दिवशी शिकवा. घरी परतण्याआधी साबणाने हात धुवायला लावा, बोटांवर शिसं असतं.

इलिनॉयमध्ये आधी एफओआयडी कार्ड (बंदूक बाळगणाऱ्यांचं राज्याचं ओळखपत्र) लागतं, आणि २०२३ च्या कायद्यानंतर कितीतरी कार्बाइन तिथे विकायला बंदी आहे. स्वतःसाठी काही घेणार असाल तर मॉडेलचं नाव घेऊन दुकानात विचारा.

प्रश्न: टेक्सासहून एडिसनला बदली झाली आहे. कार्बाइन आणि पंधरा काडतुसांची मॅगझिन आणता येतील का? (एडिसन, न्यू जर्सी)

मॅगझिन आणू नका. न्यू जर्सीत दहापेक्षा जास्तीची चालत नाहीत, तिकडेच विका. कार्बाइनचं तिच्या घडणीवर अवलंबून आहे. दुमडणारा दस्ता, बाहेर आलेली पिस्तूल-मूठ, आटे असलेली नळी, यांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की अडचण. साध्या दस्त्याची, बिनआट्याच्या नळीची आणि दहाच्या मॅगझिनची पीसी कार्बाइन रुगर अशा राज्यांसाठीच बनवते. नवी घ्यायची तर आधी पोलिसांकडून फायरआर्म्स आयडी कार्ड काढावं लागेल. रेंजवर नेताना बंदूक रिकामी, बंद पेटीत किंवा डिकीत कुलूप लावून.

प्रश्न: अशी कार्बाइन पुण्यात परवान्यावर मिळेल का? (पुणे)

नाही. ९ एमएम भारतात सर्वसामान्यांसाठी ‘प्रोहिबिटेड बोअर’, म्हणजे बंदी असलेलं कॅलिबर आहे. पण हौस मारू नका. वीस जूलच्या (छऱ्याच्या ऊर्जेचं माप) आतल्या .१७७ एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, छरे अगदी स्वस्त आणि दहा मीटरची जागा पुरते. आपल्या कोल्हापूरकडच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे यांनी जगाच्या पातळीवर पदकं आणली आहेत, तेव्हा शिकवणाऱ्यांची वानवा नाही. जवळच्या क्लबात आधी महिनाभर त्यांच्याच रायफलवर सराव करा आणि विकत घेण्याचं नंतर बघा. घेताना दस्त्याची लांबी प्रशिक्षकाकडून मापून घ्या.