‘मोलवान’ की ‘मौल्यवान’? आणि ‘अनमोल’ का नाही?

एका वाचकाचा प्रश्न आहे. ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून बाळाच्या बाप्तिस्म्याची पत्रिका आली, तिच्यावर ‘प्रत्येक माणूस ही देवाची मोलवान निर्मिती आहे’ असे छापले होते. इथे ‘मौल्यवान’ हवे होते का? आणि माणसाच्या जिवाची किंमत करण्यापेक्षा ‘अनमोल’ म्हटलेले बरे नव्हे का?

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. ‘मूल्य’वरून प्राकृतात ‘मोल्ल’ झाले आणि त्यावरून आपले ‘मोल’. त्याला संस्कृत ‘वान’ जोडला की ‘मोलवान’. तद्भव शब्दाला तत्सम प्रत्यय लावलेला काहींना खटकतो, पण चर्चमधल्या मराठीत हा शब्द चांगला मुरलेला आहे. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ४३व्या अध्यायात, देव आपल्या लोकांना ‘तू माझ्या दृष्टीने मोलवान’ असे म्हणतो, ते वचन कितीतरी ख्रिस्ती घरांत तोंडपाठ असते. पत्रिकेतला शब्द बहुधा तिथूनच आला असावा. तो चुकीचा नाही.

दुसरी शंका जास्त खोल आहे. मराठीत ‘मोल’ म्हणजे नुसती किंमत नव्हे, मजुरीसुद्धा. मोलकरीण, मोलमजुरी हे शब्द त्यातूनच आले. ‘मोले घातले रडाया, नाही आसू आणि माया’ म्हणताना तुकोबांना तेच मोल अभिप्रेत आहे. म्हणजे या शब्दात देणे-घेणे आहे, कुणीतरी पदरचे काही मोजणे आहे. ‘अनमोल’मध्ये ते नाही. ज्याचे मोल होऊच शकत नाही ते अनमोल.

ख्रिस्ती विचाराला हे देणे-घेणे हवे आहे. यशयाच्या मूळ हिब्रूत ‘याकार’ या धातूचे रूप आहे. आजच्या हिब्रूतही ‘याकार’ म्हणजे प्रिय आणि महाग, दोन्ही. त्याच वचनात पुढे देव म्हणतो की तुझ्या जिवाच्या बदल्यात मी राष्ट्रे देतो. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात, हा धागा आणखी स्पष्ट होतो. ‘तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात’, असे प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात येशू आपला जीव ‘खंडणी’ म्हणून द्यायला आल्याचे सांगतो. आजच्या वर्तमानपत्री मराठीत खंडणी म्हणजे गुंडांनी उकळलेला पैसा, त्यामुळे नवा वाचक इथे दचकतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र गुलामाला किंवा कैद्याला सोडवण्यासाठी भरलेली रक्कम असा आहे.

‘याकार’ची कडू बाजूही बायबलमध्येच आहे. बैलाने शिंग मारून कुणाचा दास मारला, तर बैलाच्या मालकाने दासाच्या धन्याला ३० शेकेल (त्या काळचे वजन) रुपे द्यावे, असा निर्गम या पुस्तकाच्या २१व्या अध्यायातला नियम. जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात मेंढपाळाची मजुरी तेवढीच ठरते आणि त्या क्षुद्र मोलाबद्दलचे उपरोधिक उद्गार याच धातूपासून बनलेल्या शब्दांत आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूला धरून देणाऱ्या यहूदाला मिळालेली नाणीही तीसच. माणसाने केलेले मोल आणि देवाने केलेले मोल यांतले अंतर एकाच शब्दकुळात इतके उघडे पडलेले मी क्वचितच पाहिले आहे.

म्हणून मला त्या वचनात ‘माझ्या दृष्टीने’ हे शब्द ‘मोलवान’इतकेच महत्त्वाचे वाटतात. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, दुसऱ्या अध्यायात माणूस मातीचाच घडवलेला आहे. त्याचे मोल मातीत नाही. ते घडवणाऱ्याच्या नजरेत आहे, आणि पहिल्या अध्यायाप्रमाणे माणूस त्याच्याच प्रतिरूपाचा आहे. बुद्धी, कमाई, जात, तब्येत यांनी ते कमीजास्त होत नाही. कालपरवा जन्मलेल्या बाळाने तर अजून काहीच कमावलेले नसते, तरी त्याच्या पत्रिकेवर हा शब्द शोभतो तो याचमुळे.

आता ‘अनमोल’. त्याचीही जागा आहे, आणि ती बाजाराला अडवण्याची. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पदुकियात, न्यिसाचा बिशप ग्रेगरी याने गुलामगिरीवर कडाडून हल्ला चढवला. बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकात ‘मी दासदासी विकत घेतल्या’ असे जे वाक्य आहे, त्यावर बोलताना तो मालकांना विचारतो: देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्ही किती नाण्यांत केलीत? विकणारा कोण आणि घेणारा कोण? त्याच्या युक्तिवादाला मराठीत ‘अनमोल’ हाच शब्द लागेल. माणूस माणसाची किंमत करू लागला की ‘अनमोल’ म्हणावे. देव माणसाकडे कसा पाहतो हे सांगायचे असेल तेव्हा ‘मोलवान’.

‘मौल्यवान’ लिहिले तरी व्याकरण बिघडणार नाही. पण तो शब्द दागिने, दस्तऐवज आणि ‘आपला मौल्यवान वेळ’ यांत फार वापरून झाला आहे, आणि त्याने यशयाच्या वचनाची आठवणही पुसली जाईल. पत्रिका पुन्हा छापायची वेळ आली तर मी ‘मोलवान’ला हात लावणार नाही.