पहिल्या ट्रायथलॉनसाठी रोड बाईक घ्यावीच लागते का?

प्रश्न : वय ४१. पुढच्या वर्षी पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन (ओळीनं पोहणं, सायकल आणि पळणं, छोट्या अंतराची) करायचा विचार आहे. रोज पळतो, विहिरीत पोहायला येतं. घरी गिअरची साधी एमटीबी (जाड टायरची माउंटन सायकल) आहे. साठ-सत्तर हजारांची रोड बाईक (बारीक टायरची, वेगाची सायकल) घेऊ का?

उत्तर :

नका घेऊ. झालं उत्तर. आता ‘विहिरीत पोहायला येतं’ हे जे तुम्ही सहज लिहून मोकळे झालात, त्याबद्दल बोलू.

विहिरीत मलाही येतं. मामाच्या मळ्यात पाठीला डबा बांधून शिकले, मग डबा सुटला, मग काठावरून सूर. त्या जोरावर चाळिशीत कोल्हापुरातल्या एका टँकवर गेले, तर बॅच मिळाली दुसरी-तिसरीतल्या पोरांची. कोच म्हणाले, फ्रीस्टाइल दाखवा. दाखवली. मान वर, डोळे टक्क उघडे, पाय खाली लोंबतायत. पलीकडची भिंत येईस्तोवर जीव मेटाकुटीला आला. कोचनी काही न बोलता हातात फळी दिली आणि नुसते पाय मारायला सांगितले. मी मारले. पाणी भरपूर उडालं. शेजारच्या लेनमधली, पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी थांबून बघत होती. म्हणाली, “काकू, तुम्ही मागं चाललाय.”

आणि खरंच मी मागं चालले होते. घोटे ताठ, पंजे काटकोनात, त्यात गुडघ्यातून पाय झाडायचे, म्हणजे पंजा पाणी मागं ढकलायच्या ऐवजी पुढं ढकलतो. पळणाऱ्यांचे घोटे बहुतेक ताठच असतात, तेव्हा तुम्हीही तयारी ठेवा. पाय कमरेतून हलला पाहिजे आणि पंजा सैल, मागं ताणलेला.

त्याहून अवघड श्वास. विहिरीत आपण श्वास कोंडून उडी मारतो आणि वर आल्यावर सोडतो. फ्रीस्टाइलला तोंड पाण्यात असतानाच सगळा सोडायचा, मान वळवली की फक्त घ्यायचा. कोंडून ठेवलात तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि छातीत हवा असूनही गुदमरल्यासारखं होतं. मग माणूस घाबरून मान वर काढतो, मान वर गेली की कंबर खाली, कंबर खाली गेली की ब्रेकच. मी कितीतरी दिवस टँकचा कठडा धरून नुसते बुडबुडे काढले. घरी भाजी परततानासुद्धा मान उजवीकडे वळवून श्वास घेण्याचा सराव चालायचा. सासूबाईंनी शेवटी मिस्टरांना बाजूला घेऊन विचारलं, “हिला मानेचं काय झालंय?”

टँक जमला की तलाव आहेच. राजाराम तलावात पहिल्यांदा सरावाला उतरले तर तळाला काळी पट्टी नाही, धरायला भिंत नाही, पुढं टाकलेला हात दिसत नाही. मला वाटतंय मी सरळ चाललेय, आणि कयाकवरचा, म्हणजे छोट्या होडीतला, मुलगा ओरडतोय, “मॅडम, बॉय तिकडं हाय, तुम्ही कुठं निघालाय?” बॉय म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. दर सहा-आठ हातांनी नुसते डोळे पाण्यावर काढून ती बघायची असते. हे साठ-सत्तर हजारांच्या सायकलसोबत येत नाही.

आता सायकल. आमचे धाकटे भाऊजी मला म्हणाले होते, “एमटीबीवर ट्रायथलॉन? वहिनी, लोक हसतील.” स्वतः कार्बनची रोड बाईक आणली, क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकून बसणारे, बूट आणले. पहिल्याच रविवारी दसरा चौकात सिग्नल पडला, भाऊजी थांबले, बूट पेडलमधून सुटेना, आणि मुळापासून तोडलेल्या झाडासारखे आडवे झाले. मी मागंच होते. रिक्षावाल्या मामांनी उचलून उभं केलं आणि मनापासून विचारलं, “थांबल्या सायकलवरनं कसं काय पडला ओ?”

हिशोबच करा. स्प्रिंटला पोहणं ७५० मीटर, सायकल २० किलोमीटर, पळणं ५. एमटीबीला जाड टायर काढून गुळगुळीत टायर टाकले आणि ताशी २४ चा वेग धरला, तर २० किलोमीटरला ५० मिनिटं. रोड बाईकवर ताशी २७ गेलात तर साडेचव्वेचाळीस. म्हणजे एवढे पैसे घालून वाचली साडेपाच मिनिटं. तेवढी तर पाण्यात घाबरलेला माणूस पहिल्या बॉयपाशीच घालवतो. रेसमध्ये आमचे भाऊजी घालवत होतेच. कयाकला धरून बसले होते. (नियमात ते चालतं, फक्त कयाक पुढं सरकता कामा नये. स्ट्रोकही कुठलाही चालतो.) मी शेजारून ब्रेस्टस्ट्रोकनं गेले, मान वर होती, त्यामुळं नीट दिसलं.

एकदम गोव्याची ७०.३, म्हणजे अर्धी आयर्नमन, मात्र डोक्यात घेऊ नका. १.९ किलोमीटर समुद्र, ९० सायकल आणि वर २१.१ पळणं हे पहिल्या वर्षाचं काम नाही. तिथं सायकलचा फरक पडतो, तेवढं भाऊजींचं खरं. सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव आठवड्यातून एकदा तरी करा, पहिला किलोमीटर पाय ऐकत नाहीत. हेल्मेटचा बक्कल लावल्याशिवाय रेसमध्ये स्टँडवरून सायकल उचलायची नाही. तलावात एकट्यानं कधीच उतरायचं नाही, आणि कंबरेला फुगा बांधायला लाजायचं नाही. बीपी किंवा छातीचं काही असेल तर आधी डॉक्टर.

एवढं सांगूनही घ्यायचीच असेल, तर ब्रँड नंतर, आधी फ्रेमचं माप बघा. भाऊजी त्यांची मलाच विकायला बघतायत, पण ते पाच-दहा आणि मी पाच-दोन, माझा पाय पोचत नाही. तुमची उंची पाच-नऊच्या आसपास असेल तर कळवा. ५४ ची फ्रेम आहे, बूट फुकट.