वाचकांचे प्रश्न : जुन्या रेसिंग सायकलची उस्तवार

प्रश्न : माझ्याकडे 1970च्या दशकातली प्यूजो यूओ-8 ही दहा गिअरची सायकल आली आहे. बरीच वर्षं गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली होती. मूळ रंग शाबूत आहे, क्रोमवर थोडा गंज आहे. नवा रंग द्यावा का? सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, लेस्टर (इंग्लंड)

उत्तर : रंगाला हात लावू नका. मूळ रंग आणि स्टिकर एकदा खरवडले की गेलेच. शिवाय गंज रंगाखाली शिरलेला नसेल, तर रंगकामाने सायकल काडीचीही बरी चालत नाही.

आधी फ्रेम तपासा. हँडलच्या नळीपासून खाली पायडलकडे जाणारी जी तिरकी नळी असते, तिच्या वरच्या टोकाला खालच्या अंगाने बोट फिरवा. सुरकुती किंवा फुगवटा लागला, रंगाला आडवी चीर दिसली, तर सायकल समोरून आदळलेली आहे. मग पुढचा खर्च करण्याआधी ती फ्रेमच्या जाणकाराला दाखवा. नंतर मागच्या चाकाच्या खाचेला दोरा बांधून तो हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचं अंतर मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर फ्रेम वाकलेली आहे.

धुवायला कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड पुरे. प्रेशरचा फवारा नको, पाणी हबमध्ये शिरतं. स्टिकरच्या आसपास थिनर तर नकोच. क्रोमवरचा गंज स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनिअम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो. खड्डे राहतील, ते राहू द्या, वर मेणाचं पॉलिश लावा.

टायर, ट्यूब, रिमपट्टी, ब्रेकचे रबर आणि सगळ्या केबल (आतली तार आणि बाहेरचं आवरण, दोन्ही) चांगल्या दिसल्या तरी बदला. मग दोन्ही हब (चाकांचे मधले तुंबे), हँडलचे कप आणि बीबी (पायडलचा एक्सल ज्यात फिरतो तो फ्रेममधला भाग) उघडा. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. चाक हातात धरून फिरवलं तर गुळगुळीत वाटतं, पण छर्रे कोरडेच घासत असतात. सगळं रॉकेलने धुवा. छर्रे स्वस्त असतात, नवेच घाला. सहसा पुढच्या हबला एका बाजूला 3/16 इंची दहा आणि मागच्या हबला 1/4 इंची नऊ लागतात, तरी उघडतानाच मोजून ठेवा. कोन (एक्सलवरचे निमुळते तुकडे, ज्यांवर छर्रे फिरतात) आणि कपांमध्ये खळगे पडले नसतील तर तेच परत वापरा.

या मॉडेलचे सिम्प्लेक्स कंपनीचे गिअर, म्हणजे चेन सरकवणारे भाग, डेल्रिन या प्लास्टिकचे असतात. वयाने त्यांना स्क्रूच्या भोवती तडे जातात. तडा दिसला तर दुसरा गिअर बसवा आणि मूळचा डब्यात जपून ठेवा.

प्रश्न : याच सायकलची बीबी मेकॅनिककडून उघडत नाही. उजवा कप हलतच नाही. काय करावं?

उत्तर : कप कोणत्या दिशेला फिरवला ते आधी विचारा. इंग्लिश सायकलींत चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, म्हणून तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. त्या काळच्या बहुतेक फ्रेंच सायकलींत दोन्हीकडे सरळ आटे असतात आणि उजवा कप घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. इंग्लिश सवयीने जोर लावला की फ्रेंच कप आणखी आवळला जातो. त्यातही 1970च्या दशकाच्या अखेरीपासून काही प्यूजोंना स्विस आटे आले : माप फ्रेंचच, पण उजवा कप उलटा. म्हणून कपावर कोरलेलं वाचा. 35 × 1 म्हणजे फ्रेंच किंवा स्विस, 1.37 × 24 म्हणजे इंग्लिश.

पण बहुतेक वेळा उजवा कप काढायची गरजच नसते! डावा कप काढा, एक्सल बाहेर घ्या आणि उजवा कप आतून चिंधीने पुसून टॉर्चने बघा. खड्डे नसतील तर आहे तिथेच राहू द्या. दोन्ही बाजूंना 1/4 इंची अकरा-अकरा छर्रे ग्रीसमध्ये चिकटवून बसवा. डावा कप इतकाच आवळा की एक्सल हलणार नाही, पण बोटाने सहज फिरेल.

फ्रेंच मापांचा घोळ इतर ठिकाणीही आहे. हँडलचा स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा दांडा) 22.0 मिलिमीटरचा, इतरांचा 22.2. पायडलचे आटे 14 × 1.25, इंग्लिश 9/16 इंची. 0.2 मिलिमीटरने काय होतंय म्हणून इतरांचा स्टेम ठोकून बसवला, तर चिमट्याची (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची) नळी फुगते.

प्रश्न : जुन्या इंग्लिश रॅले सायकलला पायडल मारताना प्रत्येक फेरीला टक् असा आवाज येतो. बीबी नवी केली तरी तसंच. – एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलला घट्ट धरणारी पाचर, सैल आहे. पिन काढताना नट पूर्ण काढू नका, आट्यांच्या टोकाशी समपातळीत ठेवा, म्हणजे आटे चेपणार नाहीत. क्रँकखाली लोखंडी पाइपाचा तुकडा असा उभा करा की पिनेचं डोकं पाइपात उतरेल आणि पाइपाचं दुसरं टोक जमिनीवर टेकेल. मग नटावर जड हातोड्याचा एकच नेमका घाव. खाली आधार नसेल तर तो घाव छर्ऱ्यांवर जातो आणि कपात खळगे पडतात. टकटक घालवायला गेलेली बीबी अशीच बिघडते.

नवी पिन 9.5 मिलिमीटरची घ्या (फ्रेंच सायकलींना बहुधा 9). तिची सपाट बाजू कानशीने थोडी थोडी घासून बसते का ते बघत राहा. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. पिन हातोड्याने ठोकून बसवायची, नट फक्त धरून ठेवण्यासाठी. नटाने ओढून बसवायला गेलात तर आटे जातात. तीसेक किलोमीटर चालवून पुन्हा ठोका आणि आवळा.

प्रश्न : रिमवर 27 × 1¼ लिहिलंय. दुकानदार 28 इंची टायर बसेल म्हणतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : इंचांवर जाऊ नका. टायरच्या कडेला मिलिमीटरमधलं तीन आकडी माप असतं, ते बघा. तुमच्या रिमचं माप 630. आपल्याकडच्या 28 × 1½ टायरचं 635, तो सैल बसून निसटेल. 700सी टायरचं 622, तो चढणारच नाही, आणि त्यावरही कधी कधी 28 लिहिलेलं असतं. 32-630 हाच मागा. जुन्या स्टीलच्या रिमांच्या कडेला आतून आकडा, म्हणजे टायर अडकवणारी कड, नसते. टायरवर 90 पीएसआय लिहिलेलं असलं तरी अशा रिमवर 60-65च्या वर हवा भरू नका, टायर रिमवरून उडतो.

प्रश्न : घाटात चालवताना काय सांभाळावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : ब्रेक. क्रोमच्या रिम ओल्या झाल्या की ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत. पावसात वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके धरून रिम पुसून घ्या, मग जोर द्या. रबराची पुढची कड रिमला मिलिमीटरभर आधी टेकेल असं लावलं की किंचाळणं थांबतं. हँडलच्या सरळ भागाखाली येणारे जोड-लिव्हर असतील तर काढून टाका. ते लवतात आणि ब्रेक अर्धाच लागतो.

नळीवरच्या गिअर लिव्हरला टप्पे नसतात. पाय हलका करून लिव्हर जरा जास्त ढकला आणि खरखर थांबेपर्यंत मागे घ्या. चढावर गिअर आपोआप सुटत असेल तर लिव्हरचा स्क्रू पाव फेरी आवळा. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा. पायडलला पट्टे असतील तर थांबायच्या आधी एक पाय मोकळा करून ठेवा.

प्रश्न : इटलीतल्या ‘लेरोइका’ राइडमध्ये अशी सायकल चालते का? – एक वाचक, पणजी

उत्तर : चालते. तस्कनीतल्या गायोले इन क्यांती इथे 1997 पासून ही जुन्या सायकलींची राइड होते. सायकल 1987च्या आधीची रोड सायकल, गिअर लिव्हर फ्रेमच्या नळीवर, पायडलला टो-क्लिप (पाय अडकवायची पट्ट्याची चौकट) आणि ब्रेकच्या केबल लिव्हरमधून वर निघून हँडलच्या बाहेरून वळलेल्या, असे मुख्य नियम आहेत. वाट बरीचशी पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून जाते, तेव्हा फ्रेममध्ये मावेल तितका रुंद टायर घाला.