मुलगा वर्षभर सारखा हरतोय, बॅडमिंटन सोडतो म्हणतोय, त्याला चिकाटी कशी शिकवू?

चिकाटी सांगून येत नाही हो. "हार मानू नकोस, मेहनत कर" हे त्याने शंभरदा ऐकलेलं असणार, पुन्हा ऐकवलंत की त्याला एवढंच कळतं की आपणच कमी पडतोय. तुम्ही लिहिलंय की तो 13 वर्षांचा आहे आणि आधी ज्यांना हरवायचा त्यांच्याकडूनच आता हरतो. मग आधी हे बघा, या वर्षात त्याची उंची किती वाढली?

विचारतेय कारण माझी मुलगी स्विमिंग करते आणि बाराव्या वर्षी तिचं शंभर मीटर बटरफ्लायचं टायमिंग कमी व्हायचं सोडून वाढायलाच लागलं. प्रॅक्टिस एकही चुकवत नव्हती. माझा मोठा भाऊ, कॉलेजात क्रिकेट खेळलेला, सगळ्यांसमोर म्हणाला, हिच्यात जिद्दच नाही, काढ हिला. तिच्यासमोर! मी तेव्हाच त्याला म्हटलं की दादा, पोरगी वर्षभरात माझ्या खांद्यावरून कानापर्यंत आलीये, हातपाय लांब झाले पण ते हलवायची ताकद अजून यायचीये. मुली साधारण 11-12ला आणि मुलगे 13-14ला सगळ्यात झपाट्याने वाढतात, तेव्हा आधी जमणाऱ्या गोष्टीही कधीकधी बिघडतात.

कोचनी प्रॅक्टिस वाढवली नाही, उलट कमी केली. टर्न मारून वर आली की पहिल्याच स्ट्रोकला ती श्वासासाठी डोकं उचलायची, कंबर खाली जायची आणि भिंतीला पाय मारून मिळालेला सगळा वेग तिथेच जायचा. कित्येक आठवडे तेवढंच केलं, पाय मार, पाण्याखाली किक, वर ये, पहिला स्ट्रोक डोकं खाली. कंटाळायची, रडायची, तरी टिकली, कारण नेमकं काय सुधारायचंय ते तिला माहीत होतं.

माझा भाऊ कुस्तीगीर खाशाबा जाधवांचं उदाहरण द्यायचा, 1952, हेलसिंकी ऑलिम्पिक, ब्राँझ. पण त्याआधी 1948ला लंडनमध्ये ते सहावे आले होते, मातीतला पैलवान, मॅटची सवय नाही. चार वर्षांनी वरच्या वजनगटात उतरून त्यांनी मेडल आणलं. त्या सहाव्या नंबरावर कोणी "काढ याला" म्हटलं असतं तर? जिंकला की जिद्द आणि हरला की दमच नाही, हा कुठला न्याय!

मुलाला एवढंच सांगा की हरलेल्या दिवशी सोडायचा निर्णय घ्यायचा नाही. सीझन संपू दे, मग प्रॅक्टिस बरी झालेल्या एखाद्या दिवशी विचारा, तेव्हाही नको म्हणाला तर सोडू दे, त्यात लाज कसली. तोवर स्कोअर विचारू नका, बॅकहँडच्या कोपऱ्यात पाय वेळेत पोचतायत का ते विचारा.

मुलीला मोठं मेडल अजून नाही, दादा अजून विचारतो काय मिळालं. गणित अडलं की ती आता वही मिटत नाही, कुठल्या पायरीला अडलं ते शोधते, मला हे पुरेसं आहे.

आणि हो, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं म्हणत असेल तर चिकाटी वगैरे बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा, वाढत्या वयात उड्या मारणाऱ्या मुलांना तिथे त्रास होतो. कोचला घाबरून सोडत असेल तर वरचं सगळं विसरा, त्याला तिथून लगेच काढा.