घरच्या जिमसाठी ॲडजस्टेबल डंबेल घ्यावेत की फिक्स्ड?

जागा कमी असेल आणि आत्ताच सुरुवात करत असाल, तर ॲडजस्टेबल, म्हणजे वजन कमी-जास्त करता येणारे घ्या. साधा हिशेब बघा: फिक्स्डमध्ये, म्हणजे एकाच ठरावीक वजनाच्या डंबेलमध्ये २.५, ५, ७.५, १०, १२.५ आणि १५ किलो अशा सहा जोड्या घेतल्या की घरात १०५ किलो लोखंड येतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते ठेवणार कुठे?

ॲडजस्टेबलमध्येही मी दांडा, प्लेटा आणि नटवाला साधा प्रकारच सुचवेन. वजन बदलायला वेळ लागतो, हे खरं. पण बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही आणि ताकद वाढेल तशा प्लेटा वाढवता येतात. एक सवय मात्र लावून घ्याच: प्रत्येक सेटच्या आधी चारही नट हाताने पिळून बघायचे. कर्ल मारताना (कोपर वाकवून डंबेल वर उचलताना) मनगट फिरतं, तसा नट हळूहळू सैल होतो. माझी सव्वा किलोची प्लेट अशीच एकदा पायापासून वीतभर अंतरावर पडली. फरशी तडकली, पाय वाचला.

डायल फिरवून वजन बदलणारे डंबेल झटपट असतात, पण नाजूक; ते आपटायचे नाहीत. वापरताना प्लेटा निसटत असल्याने २०२५ मध्ये अमेरिकेत बोफ्लेक्स या कंपनीचे असे सुमारे ३८ लाख डंबेल परत मागवले गेले होते.

फिक्स्ड कधी? घरात दोघंतिघं व्यायाम करणारे असतील किंवा न थांबता वजनं बदलत सर्किट (एकामागोमाग एक वेगवेगळे व्यायाम) करायचं असेल तर. मग रबराचं आवरण असलेले षटकोनी घ्या, ते गडगडत नाहीत.