तिला शनिवारीच ताप का यायचा?

शिक्षकांच्या कार्यशाळेत शेवटच्या दहा मिनिटांत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मुलांच्या घरची परिस्थिती काही आमच्या हातात नाही. पगारातून देऊन देऊन किती जणांना देणार? मग शाळेनं करायचं तरी काय?" विचारणाऱ्याच्या आवाजात थकवा असतो, तळमळही असते. या प्रश्नाला हल्ली मी एका मुलीची हकिकत सांगून उत्तर देते. तिची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यातली एक अनुदानित मराठी शाळा. मुलगी नववीत. वडील कंपनीत ठेकेदाराकडे, आई चार घरी पोळ्या करायची. आठवीपर्यंत पहिल्या दहांत असणारी ही मुलगी नववीत दांड्या मारू लागली. वह्या अपुऱ्या, प्रकल्प नाहीत, विचारलं की "विसरले". वर्गशिक्षिकांनी तिला माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, पाठवताना चिठ्ठीत लिहिलं होतं : 'खोटं बोलते. अभ्यासात लक्ष नाही. वयाचा परिणाम असावा.'

सुरुवातीच्या भेटींत ती जवळजवळ गप्पच होती. तिला बोलतं करायच्या मागे न लागता मी हजेरीचा कॅटलॉग मागवला. माझी घडण ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलरच्या विचारांवर झाली आहे. मुलाच्या प्रत्येक वागण्यामागे काही हेतू असतो आणि तो बहुतेकदा चार जणांत आपली जागा राखण्याचा असतो, असं तो मानायचा. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात त्याने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रं काढली, तेव्हा शिक्षकांनाही त्यात सामील करून घेतलं होतं. म्हणून मुलाच्या मनात शिरण्याआधी मी त्याचा शाळेतला दिवस बघते. कॅटलॉगशेजारी वेळापत्रक ठेवलं आणि चित्र स्पष्ट झालं. दांड्या विखुरलेल्या नव्हत्याच. बहुतेक शनिवारी, आणि उरलेल्या प्रकल्प जमा करायच्या दिवशी. शनिवारी पीटी असते. पांढरा ड्रेस, पांढरे बूट.

पुढच्या भेटीत मी विचारलं, "शनिवारी ताप येतो ना तुला?"

"हो," ती खाली बघत म्हणाली.

"बूट लहान झालेत का गं?"

बराच वेळ ती बोटांशी चाळा करत राहिली. "मागच्या वर्षीच झाले. टाचेला फाटलेत. खडू लावून लावून घालत होते."

"आणि प्रकल्प? तोही तू विसरत नसशील."

"नाही विसरत. विसरले म्हटलं की बाई रागावतात आणि संपतं. पैसे नाहीत म्हटलं की सगळा वर्ग वळून बघतो. मग बाई बाजूला घेऊन विचारतात, पप्पा काय करतात, पितात का."

"पितात?"

"नाही हो! त्यांना ब्रेक दिलाय."

ठेकेदारीवरचा कामगार कायम होऊ नये म्हणून काही महिन्यांनी त्याला घरी बसवतात, त्याला तिकडे ब्रेक म्हणतात. एवढी गोष्ट ही मुलगी वर्गापासून जपत होती.

माझ्या दृष्टीने सगळं प्रकरण त्या क्षणी उलगडलं. गरीब ठरण्यापेक्षा निष्काळजी ठरणं तिने पत्करलं होतं. आपण जिला आळशी म्हणत होतो ती दर गुरुवारपासून शनिवारची तजवीज करत होती. त्याच डोक्याने तिला बीजगणितही करायचं होतं. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास आला होता. पिकाचे पैसे हातात येण्याआधी तेच शेतकरी बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडत, पैसे आल्यावर त्यांची कामगिरी सुधारे. माणसं तीच होती. तंगीने त्यांच्या विचारातली जागा अडवली होती. मला हे वर्षानुवर्षं मुलांमध्ये दिसत आलं आहे, म्हणून 'लक्ष नाही' हा शेरा मी सहसा मान्य करत नाही. लक्ष असतं, दुसरीकडे गुंतलेलं असतं.

मग दप्तराचं विचारलं. स्वातंत्र्यदिनाला शाळेत एका देणगीदाराने दप्तरं वाटली होती, हिलाही मिळालं होतं. "ते भाऊ वापरतो. त्याची शाळा वेगळी आहे," ती म्हणाली. "इथे सगळ्यांनी ग्रुपवर फोटो बघितलाय ना."

तिची आई भेटली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, तिनं कधी मागितलंच नाही. मला वाटलं, पोरगी समजूतदार झाली." पालकांना मी कळकळीने सांगते : मूल अचानक काही मागेनासं झालं तर त्याचं कौतुक करून थांबू नका. शेजारी बसवा आणि या महिन्यात आपल्याला काय जमेल, काय नाही, हे त्याला सरळ सांगा. अंदाज बांधत बसण्यापेक्षा खरं कळलेलं मुलाला सोपं जातं.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "पण मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे." बरोबर आहे. मात्र शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी, म्हणजे आठवीपर्यंतच. मोफत पुस्तकं आठवीपर्यंत, शाळेतली खिचडीही आठवीपर्यंत. जूनमध्ये मूल नववीत येतं आणि पुस्तकं, डबा, प्रकल्पाचं सामान, झेरॉक्स हे सगळं एकदम घरावर पडतं. कायद्याने हात सोडला तिथेच तिच्या वडिलांना ब्रेक मिळाला. मुलगी आठवीत हुशार आणि नववीत बिघडलेली कशी, याचं उत्तर तिच्या वयात शोधायची गरजच नव्हती.

मुख्याध्यापक ऐकून घेणारे निघाले. पीटीला बुटांच्या रंगाची सक्ती गेली. चार्टपेपर, स्केचपेन, गोंद प्रत्येक वर्गाच्या कपाटात आले. ते सगळ्यांनीच वापरायचं, सधन घरच्या मुलांनीही, ही माझी अट होती. गरजूंसाठी वेगळं कपाट केलं की त्याकडे कोणी जात नाही. प्रकल्पाला रंगीत प्रिंट मागणं बंद झालं. कसलेही पैसे बाकी असतील तर ते पालकांनाच कळवायचे, वर्गात नाव घ्यायचं नाही. याला किती खर्च आला? एका दप्तरवाटपाच्या कार्यक्रमापेक्षा कमी. देणगीदारांना दुखवू नका, त्यांची मदत जरूर घ्या. ती शाळेला द्यायला सांगा आणि मुलांचे फोटो काढू नका.

आणि शाळेतल्या क्लार्कला यात आणा. माझ्या मते गरीब मुलांसाठी शाळेत माझ्याहून मोलाचा माणूस तोच. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये खात्यात येतात. नेमकी नववीची खिंड ओलांडायला पुरतील असे पैसे. पण त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि रोजंदारीवरच्या माणसाला तहसील कार्यालयातला एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी. या शाळेत क्लार्कने आता सातवीच्या वार्षिक परीक्षेनंतरच पालकांना एकत्र बोलावून कागदांची यादी द्यायला सुरुवात केली आहे. सगळ्याच पालकांना, निवडक नव्हे.

आमच्या मुलीची ही परीक्षा हुकली होती, आठवीत तिला कोणी सांगितलंच नव्हतं. शनिवारी मात्र ती चपला घालून पीटीला येऊ लागली, वर्षअखेरीस गणितात पुन्हा वर आली. वर्गशिक्षिका आता चिठ्ठीबरोबर कॅटलॉगही पाठवतात, याचं मला मनापासून समाधान आहे. तिचा भाऊ यंदा आठवीत गेला. त्याच्या शाळेच्या ऑफिसात जाऊन शिष्यवृत्तीच्या फॉर्मची तारीख तीच विचारून आली.