स्मरणशक्ती शाबूत, पण माणूस बदललाय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही फोंडा तालुक्यातले. माझे मिस्टर ५८ वर्षांचे, शाळेत गणित शिकवायचे, शांत माणूस, कधी कुणाला दुखावलं नाही. दोनेक वर्षांपासून फार बदललेत. सासूबाई गेल्या तेव्हा लोक भेटायला आले होते, तर हे सगळ्यांसमोर उठून टीव्ही लावून बसले आणि मला म्हणाले, "जेवण कधी?" यंदा जत्रेत खाज्यांच्या दुकानावरची मूठभर खाजी न विचारता उचलून खाल्ली, दुकानदार ओरडला तरी ह्यांना काहीच वाटलं नाही. रोज दुपारी बरोब्बर ३ वाजता बेकरीत जाऊन दोन केक आणतात, पाऊस असो की ऊन. आंघोळसुद्धा मी मागे लागल्याशिवाय करत नाहीत. डॉक्टरांनी तारीख-वार विचारला, १०० मधून ७ वजा करत जायला सांगितलं, सगळं बरोबर सांगितलं, म्हणून डिप्रेशनची गोळी दिलीय. सासरचे म्हणतात देवाला प्रसाद लावूया, म्हणजे कौल घेऊया. ते मुद्दाम करतात का हो?

उत्तर: ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मला नाही वाटत ते मुद्दाम करत असतील. पत्रावरून निदान करता येत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या बिहेवियरल प्रकाराशी, म्हणजे मेंदूच्या ज्या आजारात आठवणींआधी वागणं बिघडतं त्याच्याशी, इतकं जुळतंय की न्यूरॉलॉजिस्टला दाखवायलाच हवं, आणि लवकर. हा आजार बहुतेक वेळा ४५ ते ६५ ह्या वयात सुरू होतो, म्हणूनच तो कुणाच्या ध्यानात येत नाही, डिमेन्शिया म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ऐंशीची आजी येते जिला नातवाचं नाव आठवत नाही.

डॉक्टरांना सगळं बरोबर कसं वाटलं तेही सांगते. अल्झायमरमध्ये साधारणपणे आठवणी साठवणारा भाग आधी झिजतो, आणि तारीख-वार विचारायची ती छोटी टेस्ट तिथली गडबड पकडते. ह्या आजारात झीज सुरू होते कपाळामागे आणि कानशिलाच्या आतल्या बाजूला पुढे, त्यामुळे सुरुवातीला स्मरणशक्ती, हिशोब, घरचा रस्ता बऱ्यापैकी शाबूत राहतो. गणिताच्या मास्तरांना ७ वजा करायला सांगितल्यावर ते चुकणार कसे?

डोळ्यांच्या अगदी वर मेंदूचा जो भाग आहे तो आपला ब्रेक. खाजी बघून तोंडाला पाणी सगळ्यांच्याच सुटतं, पण हात पुढे जायच्या आधी "अरे, दुकान दुसऱ्याचं आहे" हे आतून कुणीतरी सांगतं, ते सांगणारं तिथे असतं. समोरच्याच्या चेहऱ्यावरचं दुःख आपल्याला आत कुठेतरी टोचतं त्यासाठी इन्सुला नावाचा भाग आणि उजव्या कानशिलाकडचा भाग लागतो. तिथे आणि त्याच्या आसपास फॉन इकोनोमो नावाच्या लांबट पेशी असतात, ह्या आजारात त्या फार लवकर मरतात. म्हणजे सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांनी तुमचा रडवेला चेहरा बघितला असणार, पण तो आत पोचलाच नसेल. त्यांचं आईवर प्रेम नव्हतं असा अर्थ कृपा करून काढू नका. आपल्यात काही बदललंय हेही अशा पेशंटला बहुतेक वेळा कळत नाही, म्हणून समजावून, रागावून, शपथा घालून उपयोग होत नाही, तुम्हीच थकता.

पेशींच्या आत टाऊ नाहीतर टीडीपी-४३ नावाच्या प्रोटीनच्या गुठळ्या होतात आणि पेशी मरत जातात. प्रागच्या आर्नोल्ड पिक ह्या डॉक्टरांनी १८९२ मध्ये असा पेशंट पहिल्यांदा नोंदवला, तरी आजही ह्याला मानसिक आजार समजून वर्षानुवर्षं औषधं चालू राहतात. निदानासाठी २०११ चे निकष वापरतात, त्यात सहा गोष्टी आहेत आणि किमान तीन जुळल्या की संशय पक्का धरतात. ब्रेक सुटणं, कशातच रस न राहणं, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव जाणं, तेच तेच ठरलेलं करत राहणं, गोडाची हाव. तुमच्या पत्रातच पाच आहेत. सहावी म्हणजे कामाची आखणी न जमणं, तेवढं त्यांच्या बँकेच्या कामांवरून बघा.

आता करायचं काय. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, न्यूरॉलॉजीत दाखवा. एकट्याला आत पाठवू नका, डॉक्टरांसमोर १० मिनिटं ते अगदी छान बोलतील. तुम्ही मला लिहिलंत तसंच, काय झालं, कधी झालं, कागदावर लिहून द्या, ह्या आजारात घरच्यांनी सांगितलेलंच सगळ्यात मोलाचं असतं. थायरॉइड आणि बी-१२ तपासतील, एमआरआय करतील. पहिल्या एमआरआयमध्ये काही दिसलं नाही तरी सुरुवातीला तसं होऊ शकतं, मग कधी कधी पेट (PET) स्कॅन सांगतात, मेंदूचा कुठला भाग मंदावलाय ते त्यात दिसतं. आजार थांबवणारं औषध आज नाहीये, हे तुमच्यापासून लपवत नाही. डिप्रेशनच्याच काही गोळ्या ह्या वागण्यावर थोडा उतार देतात, तेव्हा चालू गोळी मनाने बंद करू नका. अल्झायमरची डोनेपेझिल इथे उपयोगी पडत नाही, उलट कधी कधी वागणं बिघडवते, कुणी लिहून दिली तर जरूर विचारा.

देवाला प्रसाद लावायला माझी ना नाही, तुमच्या मनाला आधार मिळतो. फक्त त्यासाठी अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका.

घरात वाद घालू नका, व्यवस्था बदला. गोड नजरेआड ठेवा. बेकरीवाल्याला एकदा शांतपणे सगळं सांगा आणि महिन्याचं खातं लावा, ३ वाजताची फेरी मोडायला जाऊ नका, तिने त्यांचा दिवस बांधून ठेवलाय. यूपीआयची मर्यादा कमी करा, गाडीची चावी हळूच बाजूला काढा. आणि ताई, तुमचं काय? रात्री फार कोंडल्यासारखं झालं तर १४४१६ वर फोन करा, टेली-मानस, फुकट आहे. आपल्या गोव्यातच संगत ह्या संस्थेने डिमेन्शियाच्या पेशंटच्या घरी जाऊन घरच्यांना आधार द्यायचा प्रयोग केला होता, २००८ मध्ये तो छापून आला, आणि सांभाळणाऱ्यांची मनःस्थिती त्याने खरंच सुधारली होती. मदत मागणं म्हणजे नवऱ्याचं गाऱ्हाणं घालणं असं मनातसुद्धा आणू नका.

प्रश्न: माझ्या बाबांना हाच आजार निघालाय. मी ३१ वर्षांचा, वास्कोला नोकरी करतो, लग्न ठरतंय. मलाही होणार का?

उत्तर: बऱ्याच घरांत हा एकट्यालाच होतो, पुढे जात नाही. काही घरांत मात्र जीनमधल्या दोषामुळे येतो, त्यात सी-नाइन-ओआरएफ-७२ हा सगळ्यात जास्त आढळणारा, २०११ मध्ये सापडलेला, आणि तसा दोष बाबांमध्ये असला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. तुम्ही घाईने स्वतःची टेस्ट करू नका, आधी बाबांची, तीही जेनेटिक काउन्सेलिंग घेऊन. जाताना तीन पिढ्यांची वंशावळ लिहून न्या. बाबांच्या भावंडांत, काका-आत्यांत कुणी पन्नाशीत "वेडं झालं" असं घरात बोललं जायचं का, कुणाचे हातपाय बारीक होऊन गिळणं-बोलणं गेलं होतं का, हे मुद्दाम विचारा, कारण मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या पेशी मरत जाण्याचा आजार, आणि हा आजार एकाच दोषातून येऊ शकतात. अशा गोष्टी आत्यांनाच आठवतात, त्यांना एकदा निवांत भेटा.